जोड नसलेली तार

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. तार म्हटलं की तुम्हाला कपडे वाळत घालायची तार आठवणार, मला माहितीये. तेही केलंय मी. ते पुढे सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. पण जन्माने मी अँटेनाची तार. रेडिओतून निघालेला माणसाचा आवाज हवेत सोडायचा आणि हवेतला आवाज पकडून रेडिओला द्यायचा, हे माझं काम.

मला बनवलं ते मोटारी रिवाइंड करणाऱ्या मिस्त्रीनं. त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला जळक्या पंख्यांची कॉइल लटकलेली, टेबलावर पिवळे इन्सुलेशन पेपर, आणि सगळीकडे वॉर्निशचा वास, इतका की मिस्त्रीच्या रुमालालाही तोच. रिळावरून त्यानं मला ओढून काढलं आणि बोटांच्या चिमटीतून टोकापर्यंत नेलं. कुठे खरचटलंय का, कुठे पिळलंय का, ते बघत. मिस्त्रीचा एक हट्ट होता. त्याच्या कॉइलमध्ये तारेला जोड नसायचा. वेटोळं घालताना तार तुटली की दुसरा कोणी गाठ मारून पुढे जाईल. हा सगळं उसवून पहिल्यापासून सुरू करायचा. "जोड म्हणजे उद्याची तक्रार," असं गिऱ्हाइकाला सांगायचा.

मला दोन हात आहेत. डावा आणि उजवा, लांबीला सारखे. मध्ये छातीसारखा एक जाड प्लास्टिकचा तुकडा. तो मिस्त्रीच्या मित्राने घासून, भोकं पाडून बनवला. कशातून? मिस्त्रीच्या बायकोच्या चॉपिंग बोर्डातून. तिला न विचारता. माझ्या छातीवर अजून कांदा कापल्याचे ओरखडे आहेत.

हा मित्र शाळेची बस चालवायचा. बोलायला लागला की समोरच्या गल्लीत ऐकू जायचं, म्हणून मिस्त्री त्याला हॉर्न म्हणायचा. तो मिस्त्रीला तांब्या म्हणायचा, कारण दिवसभर तांब्याच्या तारेत बोटं. मिस्त्रीच्या बायकोला सगळे काकू म्हणतात, म्हणून मीही म्हणते. या तिघांना आणि दातांच्या एका डॉक्टरांना एकच खूळ होतं. परीक्षा देऊन सरकारी परवाना काढायचा, घरच्या घरी रेडिओ लावायचा आणि लांबलांबच्या अनोळखी माणसांशी बोलत बसायचं. अशा लोकांना हॅम म्हणतात. त्यांना कोणीही भेटलं की विचारतं, "पण मोबाईल आहे ना आता?" हॉर्नचं उत्तर ठरलेलं. "मासळी बाजारात मिळते, तरी लोक गळ टाकून बसतातच ना?"

वर्षातून एका शनिवार-रविवारी ही सगळी हॅम मंडळी घर सोडून डोंगरावर, माळावर, धरणाच्या काठावर जातात. तिथे विजेची लाइन नसते. बॅटरीवर रेडिओ, झाडाला नाहीतर खांबाला अँटेना, आणि जमेल तितक्या लोकांना गाठायचं. प्रत्येक संभाषणाला गुण. रविवारी सूर्य टेकला की स्पर्धा संपली.

यातली एक गंमत सांगते. समोरच्याला तुमचं कसं ऐकू येतंय, ते त्याने आकड्यात सांगायचं असतं. पहिला आकडा शब्द किती कळले त्याचा, जास्तीत जास्त पाच. दुसरा आवाज किती जोरदार त्याचा, जास्तीत जास्त नऊ. म्हणजे पाच-नऊ मिळालं की पैकीच्या पैकी. पण स्पर्धेत कोणाला वेळ असतो? सगळे सगळ्यांना डोळे झाकून पाच-नऊ ठोकून देतात. आणि वर लगेच विचारतात, "नाव काय म्हणालात? परत सांगा, कळलं नाही." कळलं नाही तर पाच कुठले दिले मग? मला याची फार चीड यायची.

मिस्त्रीलाही यायची. तो खरं सांगायचा. तीन तर तीन, चार तर चार. लोक वैतागायचे. हॉर्न मात्र खूश. "तांब्या, तुझा पाच-नऊ मिळाला ना," तो म्हणायचा, "की सासऱ्यानं कौतुक केल्यासारखं वाटतं. वर्षातून एकदा, पण खरं."

ते माझे सोन्याचे दिवस होते. डोंगराच्या माथ्यावर दोन झाडांमध्ये मी ताणून उभी असायची. खाली तंबू, घडीचं टेबल, चहाचा थर्मास. काकूचा कान तिखट, म्हणून ऐकायला ती. बोलायला हॉर्न. मिस्त्री बॅटरीपाशी, आणि डॉक्टर तंबूत आडवे. रेडिओवर माझं कौतुक व्हायचं. "काय अँटेना आहे हो तुमची?" कोणी विचारलं की हॉर्न म्हणायचा, "घरची आहे. कांद्यावर वाढलेली."

मग तो शनिवार आला. घाव कसा पडला ते मुद्दाम नीट सांगते, कारण तो मूर्खपणा अँटेनावालेच करू शकतात.

त्या वर्षी माझे दोन्ही हात नवे लावले होते, उजवा मिस्त्रीनं रिळावरून ओढलेला, डावा हॉर्नने. नवी तार नेहमी थोडी जास्तच ठेवतात. जागेवर गेल्यावर दोन्ही टोकांनी सारखी छाटायची आणि लांबी जुळली का ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा जागेवर आणायचा. जास्त असली तर कापता येते, कमी असली तर वाढवता येत नाही. मिस्त्रीनं हिशेब करून सांगितलं, "दोन्हीकडून हातभर." मग हॉर्न बसमधून दोर आणायला खाली उतरला. तेवढ्यात मिस्त्रीनं पक्कड घेतली, दोन्ही टोकं हातभर छाटली, आणि बॅटरी जोडायला गेला. हॉर्न वर आला. त्याला वाटलं, कापायची राहिलीये. त्यानेही पक्कड घेतली. दोन्ही टोकं. हातभर.

मी ओरडत होते. पण रेडिओ जोडलेला नसला की मला कोण ऐकतं?

मला वर चढवलं तेव्हा मीटरचा काटा भलतीकडेच गेला. रेडिओ अंग चोरायला लागला, पूर्ण जोराने आवाज सोडेना. मिस्त्रीनं मला खाली उतरवलं आणि माझं टोक हातात धरून बघितलं. मग म्हणाला, "कोणी हात लावला?"

"मी कापली. तूच म्हणालास ना हातभर."

"मी कापली होती."

"मग सांगायचं ना."

"तू विचारायचं ना."

"कापलेले तुकडे गवतात पडलेत. जोडून टाक की हातभर, संपलं."

"माझ्या तारेला जोड नसतो."

"अरे अँटेना आहे, दागिना नाही."

खरं तर इथेच संपायला हवं होतं. काकू "चहा घ्या आधी" असं म्हणतही होती. पण मिस्त्रीचं डोकं फिरलं होतं. तो म्हणाला, "बस चालवणाऱ्यानं बस चालवावी."

हॉर्नने पक्कड गवतात टाकली. तो माझ्या छातीपाशी आला, नट फिरवला आणि माझा डावा हात सोडून त्याचं वेटोळं केलं. "हा मी ओढला होता, हा माझा," एवढंच म्हणाला. काकू म्हणाली, "भावजी, असं काय करता?" तो म्हणाला, "वहिनी, तुमचा बोर्ड त्याच्याकडेच राहू दे." मग गवतात वाकून काहीतरी उचललं आणि डोंगर उतरला. खाली बस सुरू झाल्याचा आवाज आला. एरवी वळणावळणावर हॉर्न वाजवत जाणारा माणूस. त्या दिवशी एकदाही वाजवला नाही.

त्यानंतर माझे वाईट दिवस. एका हाताच्या अँटेनाचं काय करणार? मिस्त्रीनं मला दुकानातल्या खिळ्याला अडकवलं. मग कोणीतरी मला दाराबाहेर ताणलं आणि माझ्यावर वॉर्निशने बरबटलेली फडकी सुकवायला सुरुवात केली. पुढे भंगाराच्या गठ्ठ्याला गुंडाळलं, परत सोडलं, मग एका मोडक्या स्टुलाचा पाय बांधला. मी अनोळखी देशांतल्या माणसांचे आवाज पकडले होते, आणि आता स्टूल पकडत होते.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत दोघं वेगवेगळ्या डोंगरांवर होते. मी गेले नव्हते, पण काकूने दुकानात येऊन मिस्त्रीला जे ऐकवलं ते मी ऐकलं. रेडिओवर हॉर्न भेटला होता, आणि मिस्त्रीनं त्याला पाच-नऊ दिला होता. न ऐकता. पटकन. इतर सगळे देतात तसा. हॉर्ननेही "पाच-नऊ, धन्यवाद" म्हणून संपवलं.

"तुम्ही शिवी दिली असती तर बरं होतं," काकू म्हणाली.

"नियमाप्रमाणे दिला."

"तुम्ही कधीपासून नियमाप्रमाणे द्यायला लागलात?"

मिस्त्रीनं ड्रिल सुरू केली. संभाषण बंद करायची त्याची ही पद्धत.

मित्रांनो, आता मागच्या स्पर्धेचं सांगते. मिस्त्रीनं नवी अँटेना बनवली होती. चकचकीत, अखंड, एक जोड नाही. मला ती बघताक्षणी आवडली नाही. त्या डोंगरावर झाडं नव्हती, म्हणून पाइपांचा खांब उभा केला. खांब पडू नये म्हणून त्याला तीन बाजूंनी ओढून बांधलेले ताण लागतात. दोन दोरांचे झाले आणि तिसऱ्याला दोर उरला नाही, कारण डॉक्टरांनी तंबू सर्कशीसारखा बांधला होता. तेव्हा काकूने पिशवीतून मला काढलं. मी पिशवीत कशी आले? काकूने स्टूल सोडून मला आणलं होतं. का, ते तिने सांगितलं नाही. तिला कोणी विचारलंही नाही.

"ही घ्या. धरेल."

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. छातीवरच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला आणि मला ताण म्हणून बांधलं. म्हणजे माझी पायरी बघा. दुसऱ्या अँटेनाचा खांब धरून उभं राहायचं. पण एक बरं झालं, तिथून मला टेबल दिसत होतं आणि स्पीकर ऐकू येत होता.

रविवारी दुपारपर्यंत यांचं भलतंच जोरात चाललं होतं. डॉक्टर झोपेतून उठून गुण मोजत होते. "अहो, आपण पहिल्यांदा पुढे आहोत. चक्क पुढे."

तेवढ्यात काकूने हात वर केला. सगळे थांबले. स्पीकरवर खरखर, मोठमोठे आवाज, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी, विहिरीच्या तळाशी पडल्यासारखा एक आवाज. आपलं नाव सांगत होता, कोणी ऐकतंय का विचारत होता. त्याच्यावर दुसरा कोणीतरी दणदणीत बोलून गेला. तो परत विचारत होता.

"भावजी आहेत," काकू म्हणाली.

"मला काही ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाला.

"मला येतंय. कोणी उत्तर देत नाहीये त्यांना."

मी पण ऐकत होते. ज्या माणसाचं नाव हॉर्न, त्याचा आवाज एवढासा. मला स्वतःचीच लाज वाटली, कारण मला कळलं होतं तो कशावर बोलतोय. माझ्या एकट्या डाव्या हातावर. एका हातावर किती होणार?

तिथे मोबाईलला रेंज नव्हती. असती तरी उपयोग नव्हता, दोघांनीही एकमेकांचे नंबर काढून टाकले होते. काकूने माइक मिस्त्रीच्या समोर ठेवला आणि स्वतः थर्मासचं झाकण उघडायला लागली. ते आधीच उघडं होतं.

मिस्त्रीनं माइक जवळ ओढला. मग बटण दाबून हॉर्नचं नाव घेतलं.

मग तो विहिरीतला आवाज आला. "तांब्या? थांब. आकडा सांगायच्या आधी ऐक. पाच-नऊ देऊ नकोस. मागच्या वेळी दिलास, वर्षभर टोचलाय मला. खरं काय ते सांग."

मिस्त्रीनं बटण दाबलं. "तीन-दोन," तो म्हणाला. "तीन पण ही ऐकतेय म्हणून. माझ्या कानाने दोनच."

"वाटलंच मला."

"कशावर लावलंयस?"

"डावा हात आणि बसचा पत्रा."

"मूर्ख आहेस."

हे ऐकून काकूचा चेहरा फुलला. मिस्त्री परक्याला मूर्ख म्हणत नाही. परक्याला तो अहो-जाहो करतो.

"कालपासून किती लोक लागले?" मिस्त्रीनं विचारलं.

"कोणीच नाही. तूच पहिला."

मिस्त्रीनं माइक खाली ठेवला आणि तरातरा माझ्याकडे आला. माझी गाठ सोडायला लागला. डॉक्टर धावले. "अहो, अहो, खांब पडेल."

"पडू दे."

"आपण पुढे आहोत."

"गाडीची चावी द्या, डॉक्टर."

तिकडे स्पीकरवर हॉर्न काहीतरी सांगत होता. "ऐक, मी..." एवढंच आलं. तोपर्यंत गाठ सुटली होती. खांब हळूच वाकला आणि ती चकचकीत अँटेना तंबूवर येऊन पडली. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

"भावजी काहीतरी म्हणत होते," काकू गाडीत बसताना म्हणाली.

"तो नेहमीच काहीतरी म्हणत असतो," मिस्त्री म्हणाला. मी त्याच्या मांडीवर होते, सोल्डरिंग आयर्नच्या शेजारी. गाडी काकूच चालवत होती.

हॉर्नचा डोंगर रांगेच्या पलीकडे होता. अर्ध्या वाटेवर ओढ्यावर एक अरुंद पूल आहे, एका वेळी एकच गाडी जाईल असा. आम्ही मधोमध पोचलो आणि समोरून पिवळी बस आली. बंपरला बंपर लागेल इतक्या जवळ येऊन थांबली. हॉर्न उतरला. मिस्त्री उतरला.

"तू इकडे कुठे?" हॉर्न म्हणाला.

"तुझ्याकडे. तू कुठे?"

"तुझ्याकडे. सांगितलं ना, मी येतो म्हणून."

"ऐकू नाही आलं. खांब पाडला मी."

"मग निघालोय असं सांगायचं ना."

"तू विचारायचं ना."

दोघंही थबकले. काकू पुलाच्या कठड्यावर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की पदराने डोळे पुसायची वेळ आली, आणि ते पुसणं जरा जास्तच वेळ चाललं.

"ते बसबद्दल बोललो ते..." मिस्त्री म्हणाला.

"राहू दे," हॉर्न म्हणाला. "बस मी चांगलीच चालवतो."

बस मागे घेऊन त्याने पुलापलीकडे झाडाखाली लावली. माझा डावा हात बाहेर काढला. तो मला सांगत होता काय काय झालं त्याचं, पण ते आमचं आम्हाला. नट घट्ट झाला आणि मी पुन्हा दोन हातांची झाले. पण आखूडच. दोन्हीकडून हातभर कमी.

मग हॉर्न बसमध्ये चढला आणि समोरच्या आरशाला लटकवलेलं काहीतरी काढून आणलं. तांब्याचे दोन तुकडे. त्या दिवशी त्यानं स्वतः कापलेले. गवतातून उचललेले. "शाळेतली पोरं रोज विचारतात, हे काय आहे म्हणून," तो म्हणाला. "मी सांगतो, माझी अक्कल आहे. बाहेर लटकलेली."

मिस्त्रीनं ते तुकडे बघितले. मला वाटलं, आता म्हणणार, माझ्या तारेला जोड नसतो. त्यानं बसच्या बॅटरीला आयर्न लावलं आणि गरम व्हायची वाट बघत बसला. वारा होता, म्हणून काकूने तिन्ही बाजूंनी पदर धरला. मिस्त्रीनं माझी टोकं खरवडली, तुकड्याला पिळली, सोल्डर सोडलं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे जोड उसवले होते, त्यामुळे स्वतःचा जोड घालताना त्याची जीभ दातांत आली होती. पहिला जोड जाडा झाला. "गोगलगाय झालीये," हॉर्न म्हणाला. "गप्प बस," मिस्त्री म्हणाला. दुसरा बरा झाला.

मला त्या झाडापासून पुलाच्या टोकाशी असलेल्या एका जुन्या खांबापर्यंत चढवलं. मीटरचा काटा हलला, थोडा घुटमळला, आणि जागेवर येऊन बसला. उन्हं कलली होती. स्पर्धा संपायला थोडाच वेळ होता. हॉर्नने माइक घेतला, घसा खाकरला, आणि आपलं नाव सांगितलं. ओढ्याकाठचे पक्षी उडाले.

लगेच उत्तर आलं. "तुम्ही आहात होय? अहो, मी डॉक्टर बोलतोय. तंबूचे सगळे दोर सोडून खांब उभा केलाय. तंबू पडला. चहाचा थर्मास माझ्या गाडीत गेलाय, आणि गाडी तुमच्याकडे आहे."

हॉर्नला हसू आवरेना, म्हणून मिस्त्रीनं माइक घेतला. "डॉक्टर, आमचं कसं ऐकू येतंय ते सांगा."

"पाच-नऊ."

"सवयीचं नको. खरं सांगा."

पलीकडे डॉक्टर थांबले. म्हणजे खरंच ऐकत होते. मग म्हणाले, "खरं सांगतो. पाच-नऊ. शेजारी बसल्यासारखं."

स्पर्धेत कोण जिंकलं ते मला माहीत नाही. हे चौघं तर नक्कीच नाहीत.

आता मी दुकानातच असते, पण रुंद खुंटीवर, नीट वेटोळं करून. माझ्यावर फडकी सुकत नाहीत. मिस्त्री अजूनही गिऱ्हाइकांच्या कॉइलमध्ये जोड घालत नाही. पण कोणी हॅम आला की मला खाली काढतो आणि आधी ती गोगलगाय दाखवतो. आणि एक नवीन रीत सुरू झालीये. तार छाटायच्या आधी दोघांनीही टोक हातात धरायचं. एकाने विचारायचं, "कापू?" दुसऱ्याने ऐकून म्हणायचं, "काप." कितीही घाई असली तरी. काकूही हल्ली चॉपिंग बोर्ड कपाटात कुलपात ठेवते, ते वेगळं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी तार असेल, कुठेतरी स्टूल धरून उभी. तिला सोडवा, पुसा, विचारा तरी ती कशाची होती. आणि तुटलेले तुकडे लगेच फेकू नका, काही दिवस आरशाला लटकवून बघा.

एवढं माझं आत्मवृत्त. तुमच्यापर्यंत नीट पोचलं का? घाईने पाच-नऊ म्हणू नका. आधी ऐका. मग जे असेल ते खरं सांगा.